मूळ चित्रपट, उत्तरभाग आणि प्रेक्षकांची स्मृती : 'झपाटलेला'च्या निमित्ताने एक विवेचन

सारांश : गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग प्रदर्शित झाला की त्याला मुळाची सर आहे किंवा नाही, याविषयी चाहत्यांमध्ये वाद होतो. हा वाद केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारला जातो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात. ते वेगळे केले असता हा वाद सामान्य प्रेक्षकाने केलेली समीक्षाच आहे, असे दिसून येते. महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' (१९९३) आणि 'झपाटलेला २' (२०१३) या चित्रपटांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नांची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : उत्तरभाग, पुनर्निर्मिती, शब्दभ्रमकला, प्रेक्षकस्मृती, नवा संच.

१. प्रास्ताविक

मराठी चित्रपटसृष्टीत जुन्या नावाने नवा चित्रपट काढण्याची प्रथा अलीकडच्या काळात रुजली आहे. 'झपाटलेला' नंतर वीस वर्षांनी 'झपाटलेला २' आला. 'दे धक्का' (२००८) या चित्रपटाचा दुसरा भाग २०२२ मध्ये, तर 'नवरा माझा नवसाचा' (२००४) या चित्रपटाचा दुसरा भाग २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. 'मुंबई-पुणे-मुंबई' या चित्रपटाचे २०१०, २०१५ आणि २०१८ असे तीन भाग झाले. प्रत्येक वेळी चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका पक्षाला नव्या चित्रपटात जुन्याची केवळ सावली दिसली, तर दुसऱ्या पक्षाला आवडती माणसे पुन्हा भेटल्याचा आनंद झाला.

या वादाकडे अभ्यासकांनी फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. 'जुने ते सोने' ही म्हण सांगून विषय संपविण्याकडे कल असतो. परंतु ज्या प्रेक्षकाने एखादा चित्रपट अनेकदा पाहिला आहे, त्याला त्या चित्रपटातील बारकावे ठाऊक असतात. नव्या चित्रपटात काहीतरी हरवले आहे असे तो म्हणतो, तेव्हा नेमके काय हरवले याचे विश्लेषण त्याला करता येत नसले तरी त्याचा अनुभव खोटा नसतो. या अनुभवामागील कारणे शोधणे हे प्रस्तुत विवेचनाचे उद्दिष्ट होय.

२. 'मूळ' या शब्दाचा अर्थ

प्रथम काही संज्ञांमधील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. जुनीच कथा नव्या कलावंतांना घेऊन पुन्हा सांगितली जाते, तेव्हा ती पुनर्निर्मिती होते. जुन्या पात्रांची कथा पुढे नेली जाते, तेव्हा तो उत्तरभाग ठरतो. दीर्घ खंडानंतर येणारा उत्तरभाग हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे. त्याला कथा पुढे न्यावयाची असते आणि त्याच वेळी जुन्या चित्रपटाची चवही पुन्हा द्यावयाची असते. या दोन अपेक्षा अनेकदा परस्परविरोधी असतात.

'मूळ' हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'धूमधडाका' (१९८५) हा 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटाच्या कथेवर आधारलेला होता. त्याच कथेवर हिंदीत 'प्यार किये जा' (१९६६) हा चित्रपट आधीच येऊन गेला होता. सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटाचे बीज हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या चित्रपटात आहे. खुद्द 'झपाटलेला'ची मध्यवर्ती कल्पना, म्हणजे मरणाऱ्या गुन्हेगाराने आपला आत्मा बाहुल्यात शिरविणे, ही 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटातून आलेली आहे.

असे असूनही 'झपाटलेला'च्या कोणत्याही चाहत्याला तो चित्रपट उसना वाटत नाही. यावरून चाहत्यांच्या दृष्टीने 'मूळ' म्हणजे कथेचा पहिला उगम नव्हे, हे स्पष्ट होते. ज्या रूपात ती कथा त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या माणसांतून प्रथम जिवंत झाली, ते रूप त्यांच्या लेखी मूळ असते. म्हणूनच उत्तरभागाने कथानकाचे सर्व धागे सांभाळले तरी चाहत्यांचे समाधान होईलच असे नाही.

३. बाहुला आणि त्याला घाबरणारा माणूस

'झपाटलेला'चे कथानक सर्वपरिचित आहे. तात्या विंचू हा कुख्यात गुंड बाबा चमत्कार यांच्याकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो. पोलिसांच्या गोळीने मरताना तो आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला लक्ष्या बोलके या भोळ्या तरुणाच्या हाती पडतो आणि पुन्हा माणूस होण्यासाठी तात्या विंचूला लक्ष्याचेच शरीर हवे असते. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली. तात्या विंचूची भूमिका आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता, तर बाहुला रामदास पाध्ये यांनी घडविला होता.

पाध्ये यांचे नाव येथे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमकलेत 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला लोकप्रिय केला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी तो वारसा चालविला. शब्दभ्रमकलेचे मर्म केवळ ओठ न हलविता बोलण्यात नाही. कलावंत बाहुल्याचे बोलणे ऐकतो, त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर चिडतो, त्याच्यापुढे ओशाळतो. या प्रतिसादामुळेच लाकडाच्या आणि कापडाच्या वस्तूत प्रेक्षकाला जीव दिसतो. बाहुल्याला जिवंतपणा मिळतो तो त्याच्या शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावरून.

'झपाटलेला'त हेच तत्त्व पडद्यावर आले. त्या काळच्या तंत्राच्या मर्यादेत बाहुल्याच्या हालचाली मोजक्याच होत्या. तरीही तात्या विंचूची भीती वाटते, याचे कारण लक्ष्मीकांत बेर्डे त्याला खऱ्या अर्थाने घाबरतात. त्यांची नजर, अडखळणारा आवाज, आपले कोणी खरे मानत नाही म्हणून होणारी तगमग आणि त्यातूनच उमटणारे हसू, यांमुळे भय आणि विनोद हे दोन विरुद्ध रस एकाच प्रसंगात नांदतात. अमेरिकी चित्रपटात बाहुला ज्याच्या हाती येतो तो एक लहान मुलगा आहे. मराठी चित्रपटाने त्या जागी एक प्रौढ, भित्रा आणि प्रेमळ विनोदवीर आणला. हा बदल लहान दिसतो, पण भयपटाचे रूपांतर विनोदी भयपटात झाले ते मुख्यतः या बदलामुळे.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी निधन झाले. 'झपाटलेला २' हा चित्रपट २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याचा नायक लक्ष्याचा मुलगा आदित्य होता. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. बाहुल्याचे रूप तेच होते, प्रभावळकर यांचा आवाज तोच होता आणि दिग्दर्शकही तेच होते. तरीही तात्या विंचू पूर्वीसारखा वाटत नाही, अशी तक्रार अनेक चाहत्यांकडून ऐकू येते. वरवर पाहता ही तक्रार विसंगत आहे, कारण तात्या विंचूच्या बाबतीत फारसे काही बदललेले नाही. वरील विवेचन ध्यानात घेतले असता मात्र तिचा अर्थ उलगडतो. तात्या विंचू परत आला होता, पण त्याला घाबरणारा माणूस परत आला नव्हता. चाहते बाहुल्याविषयी बोलत असले तरी त्यांना जाणवणारी उणीव लक्ष्याची आहे.

अर्धवटरावाचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तो बाहुला एका कलावंताच्या हातून दुसऱ्या कलावंताच्या हाती गेला आणि प्रेक्षकांनी हा बदल स्वीकारला. तेथे माणूस बदलला, परंतु बाहुला आणि माणूस यांच्यातील नाते तेच राहिले. 'झपाटलेला २'मध्ये नवा नायक हा तरुण, देखणा आणि लढणारा आहे. तो तात्या विंचूशी झुंज देतो. त्यामुळे हे नाते भित्र्या माणसाचे आणि धाक घालणाऱ्या बाहुल्याचे न राहता नायक आणि खलनायकाचे होते. त्यात नट कमी पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याला दिलेले कामच वेगळे होते.

४. दुसऱ्या पक्षाची बाजू

समाधानी चाहत्यांचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने तपासले पाहिजे. 'झपाटलेला २' हा मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून प्रेक्षकांसमोर आला. केवळ देखाव्यासाठी तंत्र वापरले, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. परंतु नवे तंत्र मराठीत आणणे हा कोठारे यांच्या चित्रपटांचा जुनाच स्वभाव आहे. त्यांचा 'धडाकेबाज' (१९९०) हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होता. मराठी प्रेक्षकाला हिंदीच्या तोडीचा भव्य पडदा दिसावा, ही भूमिका त्यामागे होती. त्या दृष्टीने त्रिमिती तंत्र हे जुन्या वाटेवरचेच पुढचे पाऊल ठरते.

याशिवाय मूळ नटाच्या निधनानंतर त्याच भूमिकेत दुसऱ्याला उभे न करता कथा पुढच्या पिढीकडे नेणे, हा निर्णय दिवंगत कलावंताचा मान राखणारा आहे. लक्ष्याची जागा कोणाला दिली नाही, यातच ती जागा त्याची होती हे मान्य केले गेले, असे या पक्षाला म्हणता येते.

अशा रीतीने वादात तीन प्रश्न एकत्र आलेले दिसतात. पहिला प्रश्न सातत्याचा आहे : पात्रे, नाव, आवाज आणि कथा टिकली काय? दुसरा प्रश्न वृत्तीचा आहे : ज्या धाडसाने जुना चित्रपट केला, ते धाडस नव्यात आहे काय? तिसरा प्रश्न नात्याचा आहे : पात्रापात्रांमधील ज्या देवाणघेवाणीमुळे जुना चित्रपट जिवंत झाला, ती नव्यात आहे काय? 'झपाटलेला २' पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तर देतो, तिसऱ्याला देऊ शकत नाही. दोन्ही पक्षांचे चाहते आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

५. नाट्यपरंपरेतील 'नवा संच'

जुनी कलाकृती नव्या कलावंतांनी सादर करणे मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. रंगभूमीवर 'नव्या संचात' हा शब्दप्रयोग जाहिरातींत रूढ आहे. वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. आप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका प्रथम डॉ. श्रीराम लागू यांनी केली आणि पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी आदी नटांनी ती आपापल्या परीने साकारली. २०१६ मध्ये महेश मांजरेकर यांच्या चित्रपटात नाना पाटेकर यांनी ती केली. प्रत्येक वेळी तुलना झाली, परंतु दुसऱ्याने ती भूमिका करूच नये असे कोणी म्हटले नाही.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. खाँसाहेबांची भूमिका आणि वसंतराव देशपांडे यांचे गाणे हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले होते. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटकाच्या पुनरुज्जीवनात ही भूमिका केली. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात (२०१५) खाँसाहेब सचिन पिळगावकर यांनी उभे केले आणि त्यांचा गाता गळा राहुल देशपांडे यांचा होता. म्हणजे एका कलावंताचे काम दोघांत विभागले गेले. तरीही या चित्रपटाला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, कारण दोन घराण्यांच्या गायकीतील संघर्ष हा नाटकाचा गाभा चित्रपटाने सोडला नव्हता.

मात्र नाटक आणि चित्रपट यांत एक मूलभूत भेद आहे. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो. जुन्या नटाचे काम ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीत ते उरते आणि नव्या प्रेक्षकापुढे ते नसतेच. चित्रपट मात्र जसाच्या तसा राहतो. नवा चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक त्याच रात्री जुना पाहू शकतो. म्हणून नाटकातील नव्या संचाला जी उदारता मिळते, ती चित्रपटाच्या उत्तरभागाला मिळणे कठीण असते.

६. दूरचित्रवाणी आणि पिढ्यांचे अंतर

'झपाटलेला'ची आजची प्रतिष्ठा केवळ १९९३ च्या चित्रपटगृहांनी घडविलेली नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली, २००५ मध्ये तिचे झी मराठी असे नामांतर झाले आणि २००७ मध्ये केवळ चित्रपटांसाठी झी टॉकीज ही वाहिनी आली. या वाहिन्यांमुळे जुने मराठी चित्रपट घराघरांत पुन्हा पुन्हा दिसू लागले. सुटीच्या दिवशी जेवणानंतर सर्व कुटुंबाने मिळून पाहिलेला चित्रपट हा त्या घराच्या आठवणीचा भाग होतो. उत्तरभागाची तुलना पुष्कळदा अशा घरगुती आठवणीशी होत असते आणि त्या तुलनेत कोणताही नवा चित्रपट सहसा जिंकत नाही.

मुळशी तालुक्यातील मारुंजीसारख्या गावात हे पिढ्यांचे अंतर सहज दिसते. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या या परिसरात मूळचे ग्रामस्थ, महाराष्ट्राच्या विविध जिल्ह्यांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आणि परप्रांतीय तरुण एकत्र राहतात. येथील महाविद्यालयांत आज पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारे बहुतेक विद्यार्थी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या निधनानंतर जन्मलेले आहेत. त्यांनी लक्ष्याला चित्रपटगृहात नव्या चित्रपटातून कधी पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी १९९३ आणि २०१३ चे दोन्ही चित्रपट सारखेच जुने असू शकतात. प्राध्यापकांची पिढी ज्याला मूळ आणि उत्तरभाग म्हणते, ते या विद्यार्थ्यांच्या अनुभवात उलट क्रमानेही आलेले असू शकते. म्हणून चाहत्यांच्या मतभेदाचा विचार करताना कोणी काय आधी पाहिले, हा प्रश्न टाळता येत नाही.

७. नाव, हक्क आणि दिवंगत कलावंत

मूळ कलावंत हयात असले तरी अडचण संपत नाही. 'नवरा माझा नवसाचा २'मध्ये सचिन, सुप्रिया आणि अशोक सराफ तिघेही आहेत. पहिल्या भागातील गणपतीपुळ्याचा एस.टी.चा प्रवास दुसऱ्या भागात कोकण रेल्वेने होतो. माणसे तीच असली तरी वय वीस वर्षांनी वाढले आहे आणि प्रवासाचे साधनही बदलले आहे. जुन्या चित्रपटातील गंमत एस.टी.च्या अरुंद जागेत अडकलेल्या अनोळखी माणसांतून निर्माण होत होती. गाडीच्या लांबलचक डब्यांत ती तशीच होईल असे गृहीत धरता येत नाही. येथे तिसरा, म्हणजे नात्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

'चाइल्ड्स प्ले'च्या बाबतीत तर नाव आणि परंपरा यांची फारकतच झाली. २०१९ मध्ये त्या नावाने नवी पुनर्निर्मिती झाली आणि तीत बाहुल्याला मार्क हॅमिल यांचा आवाज होता. दुसरीकडे, त्या पात्राचे निर्माते डॉन मॅन्सिनी यांनी ब्रॅड डूरिफ यांच्याच आवाजात जुनी कथा २०२१ पासून दूरचित्रवाणी मालिकेतून पुढे नेली. एकाच बाहुल्याचे दोन अवतार आल्यावर खरा कोणता, हे ठरविणे चाहत्यांच्याच हाती राहिले.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. त्या काळात कथेचा पुढचा भाग कोणी काढावा, हे हक्कधारक ठरवितो. पण कायदा चित्रपट काढण्याची परवानगी देतो, प्रेक्षकांची मान्यता देऊ शकत नाही. ही मान्यता प्रत्येक वेळी नव्याने मिळवावी लागते.

आज हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. 'रोग वन' (२०१६) या चित्रपटात १९९४ मध्ये निवर्तलेले नट पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभा करण्यात आला. त्यानंतर हे तंत्र बरेच सुलभ झाले आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखा कलावंत पडद्यावर पुन्हा दिसावा, ही चाहत्याची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि वरील विवेचनाच्या प्रकाशात तिचा विचार केला पाहिजे. बेर्डे यांनी 'झपाटलेला'ला दिले ते केवळ एक रूप नव्हते. समोरच्या निर्जीव बाहुल्याला त्या क्षणी कसा प्रतिसाद द्यावा, हा निर्णय त्यांचा होता. संगणकाने चेहरा परत आणला तरी तो निर्णय दुसराच कोणीतरी घेईल आणि संमती विचारण्यासाठी मूळ कलावंत नसेल. अशा वेळी उणीव भरून निघाल्याचा आभास होईल आणि ती उणीव कशाची होती, हेच विसरले जाईल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) चाहत्यांच्या दृष्टीने मूळ चित्रपट म्हणजे कथेचा उगम नसून तिचे आपल्या भाषेत प्रथम जिवंत झालेले रूप होय.

२) उत्तरभागाचे मूल्यमापन करताना सातत्य, वृत्ती आणि नाते हे तीन निकष स्वतंत्रपणे लावावेत. 'झपाटलेला २' पहिल्या दोहोंत बऱ्याच अंशी उतरतो. तिसऱ्यात तो उतरत नाही, याचे प्रमुख कारण लक्ष्मीकांत बेर्डे यांची अनुपस्थिती आणि त्यामुळे बदललेले नायकाचे स्वरूप हे आहे.

३) रंगभूमीवरील 'नव्या संचा'चा अनुभव मराठी प्रेक्षकाला तुलना करण्याची दृष्टी देतो, परंतु चित्रपटाचे मूळ रूप कायम उपलब्ध असल्याने तेथे तुलना अधिक कठोर होते.

४) दिवंगत कलावंताची उणीव मान्य करून नवे काही उभारणे, हे त्याचे रूप पुन्हा उभे करण्यापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते.

भाषा, साहित्य आणि माध्यम या विषयांच्या अध्यापकांना या वादाचा वर्गात थेट उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रपटांतील बाहुल्याचा एकेक प्रसंग दाखवून, बाहुल्याकडे न पाहता त्याच्या समोरच्या माणसाकडे पाहावयास सांगावे. मुळाची सर येणे म्हणजे काय, याचे उत्तर त्यांना पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा त्या निरीक्षणातून अधिक स्पष्टपणे मिळेल.